सिग्नेचा बेत

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुकानात फोन वाजला, तेव्हा मी केकसाठी अक्रोड फोडत बसले होते. आमच्याकडचे काळे अक्रोड म्हणजे नुसते दगड, हातोडीशिवाय फुटत नाहीत. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात फोन धरून मी "हॉफ लँडिंग स्टोअर" म्हणाले. पलीकडून एका बाईनं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "तुमच्या दुकानाबाहेरचा पाण्याचा नळ मेच्या पहिल्या आठवड्यात चालू असतो का?"

"असतो."

"किती तारखेला चालू करतात?"

"थंडी संपली की."

"थंडीला तारीख नसते. नळाला असेल. बघून सांगाल?"

मी हातोडी खाली ठेवली. "कोण बोलतंय?"

"सिग्ने लिंडक्विस्ट. लिंडसबोर्ग, कॅन्ससहून. आम्ही दोघं मेमध्ये केटीची वाट सायकलवरून करणार आहोत. क्लिंटनपासून सेंट चार्ल्सपर्यंत, सव्वादोनशे मैल. बेत मी आखतेय."

केटी ही आमची जुनी रेल्वे. मी पंचविशीच्या आत होते तेव्हा ती बंद पडली, रूळ उखडले, आणि मिसुरी नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या त्या पट्ट्यावर चुनखडीची बारीक कच टाकून सायकलवाल्यांसाठी वाट केली. ती माझ्या दुकानाच्या दारावरूनच जाते. हॉफ लँडिंगला सेहेचाळीस माणसं राहतात आणि उन्हाळ्यात रोज त्याहून जास्त सायकली जातात. मी त्यांना केक, सँडविच, थंड पेय आणि पंक्चर झालेल्यांना ट्यूब विकते. वर दोन खोल्या आहेत, त्या मुक्कामाला देते. असले फोन मला नवे नव्हते. पण लोक साधारण खोली आहे का, न्याहारी मिळते का, एवढंच विचारतात. या बाईनं अर्धा तास घेतला.

सोमवारी कुठं कुठं खायला मिळतं? (माझं दुकान सोडलं तर कुठंच नाही. सोमवारी आमच्याकडे बाकी सगळे झोपा काढतात.) पाऊस पडून गेल्यावर वाट किती तासांत वाळते? कुत्री मागं लागतात का, आणि लागत असतील तर नेमकी कुणाची? शेवटी तिनं विचारलं, "तुमच्यापासून पूर्वेला चार मैलांवर बसायला बाक आहे का?"

"आहे की!" मी म्हणाले. "छान सावलीत आहे."

फोन ठेवला आणि विसरून गेले. पुढच्या गुरुवारी, बरोबर त्याच वेळी पुन्हा फोन.

"तुम्ही बाक आहे म्हणालात. पुढच्या गावातल्या पोस्टमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तिथं बाक नाही, कधी नव्हताच. दोघांपैकी एक जण थापा मारतंय. ते पोस्टमास्तर आहेत."

माझे कान तापले. "खरं सांगू का, मी त्या वाटेवर कधी गेलेच नाही."

"तिथं राहता किती वर्षं?"

"एकोणसाठ. जन्मल्यापासून."

"आणि वाट दुकानापासून किती लांब?"

"अकरा पावलं."

मला वाटलं, आता ओरडा बसणार. ती म्हणाली, "पुढच्या दारापासून की मागच्या?"

मग तिनं मला समजावून सांगितलं. वीस वर्षं ती तालुक्याच्या रस्ते खात्यात होती. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना वायरलेसवरून रस्ते सांगायचं काम. "माझ्या ड्रायव्हरांना एकच नियम होता. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. 'असेल बहुतेक' म्हणणारा माणूस रात्रभर खड्ड्यात बसतो."

"बरं," मी म्हणाले. "मग मला माहीत नाही."

"मग बघून सांगा."

आता मी त्या वाटेवर का गेले नव्हते, ते सांगायला हवं. रूळ उखडले तेव्हा नदीकाठचे सगळे शेतकरी धरून चालले होते की ती जमीन आपल्याला परत मिळणार. आमच्या मळईतून दीड मैल रूळ जात होते. बाबा सभांना गेले, वकिलाकडे गेले, कोर्टात गेले, हरले. घरी आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "आर्डिस, व्हर्जिल, आपल्यापैकी कुणी त्या वाटेवर पाय ठेवायचा नाही." तेव्हापासून कुणी ठेवला नाही. बाबा गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी दुकान उघडलं, तेही त्याच वाटेच्या जिवावर. पण पाय ठेवला नाही. माझा धाकटा भाऊ व्हर्जिल शेती बघतो आणि गावातलं धान्याचं कोठार सांभाळतो. तो ट्रॅक्टर घेऊन शेतात जाताना वाट ओलांडतो, पण नाकासमोर, सरळ, इकडं तिकडं न बघता. पाहुण्यांच्या खोलीतून जाणाऱ्या माणसासारखा.

शुक्रवारी मी गमबूट चढवले, दुकानाला कुलूप घातलं आणि वाटेवर उभी राहिले. वाटलं होतं, आत काहीतरी हलेल. पायाला थंडी तेवढी लागली. शंभर पावलं गेले असेन, कोठाराच्या वरच्या जिन्यावरून व्हर्जिल ओरडला, "आर्डी! अगं, काय हरवलंय?"

"बाक!"

"काय?"

"बाक आहे का बघायला चाललेय!"

"बसायचंय तर घरी बस की!"

बाक नव्हता. चार मैल जाऊन चार मैल परत आले तेव्हा पायांत गोळे आले होते. पण येताना मी दोन पूल मोजले, एक ओढा बघितला जो मी फक्त नकाशात बघितला होता, आणि कड्याच्या खाली एक सपाट दगड सापडला, दोन माणसं बसतील एवढा. गुरुवारची वाट न बघता मीच लिंडसबोर्गला फोन लावला.

"बाक नाही," मी म्हणाले. "पण साडेतीन मैलांवर दगड आहे. दुपारी दोनला सावली येत होती त्याच्यावर. म्हणजे फेब्रुवारीत. मेमध्ये माहीत नाही."

"शाब्बास," सिग्ने म्हणाली. मला शाळेत गणितातसुद्धा कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

मग दर गुरुवारी फोन यायचा, आणि आठवडाभर मी उत्तरं गोळा करायचे. चालून उरकेना. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक जांभळी सायकल दुकानामागं टेकवून "उद्या नेतो" म्हणून गेलं होतं. त्याचा उद्या उगवला नव्हता. व्हर्जिलनं कुरकुरत तिच्या साखळीला तेल दिलं. मार्च संपेपर्यंत मी पंधरा मैल जाऊन येत होते. व्हर्जिलला नवा उद्योग मिळाला.

"आज कुठं, साहेब?"

"पश्चिमेला. पुलाच्या फळ्या आडव्या आहेत की उभ्या, ते बघायचंय."

"त्या बाईला सांग, आडव्या आहेत. मी सांगतो, झालं."

"तू बघितल्यास?"

"पूल म्हटला की फळ्या आडव्याच असणार."

"असणार चालत नाही तिला."

व्हर्जिल टोपी मागं सरकवून माझ्याकडे बघत राहिला. "बाबा असते तर..." म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही, कारण बाबा असते तर काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला सिग्नेनं विचारलं, "कडा अगदी वाटेला येऊन भिडतो, तिथं चाकांचा आवाज बदलतो का?"

आता माझं डोकं फिरलं. "अहो सिग्ने, हे कशाला हवंय तुम्हाला?"

"मला कळायला हवं ना, कडा आला म्हणून."

"एवढा उंच कडा! दिसेल की!"

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "बावन्नाव्या वर्षी नजर गेली. चौदा वर्षं झाली."

मी हळूच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?"

"हे बघ, हे असं. सांगितलं की लोक असे कुजबुजायला लागतात. ऐकू मला छान येतं. आणि तू विचारलं नाहीस. नकाशा माझ्या काही कामाचा नाही, म्हणून मी वाटेवरच्या माणसांना फोन करते. नऊ गावं धरलीत. त्यात तू सगळ्यात खोटारडी होतीस, आता सगळ्यात पक्की आहेस."

बोलता बोलता ती 'तू'वर आली होती. मीही आले. "मग तू सायकल कशी चालवणार?"

"दोघांची आहे. एकामागं एक बसायचं. पुढं माझा नवरा नेल्स, मागं मी. त्यानं हॅंडल धरायचं आणि खड्डा आला की सांगायचं. बाकी सगळं माझ्याकडे."

"नेल्सला काय वाटतं या बेताबद्दल?"

"त्याला अजून सांगितलेलं नाही."

"काय?"

"एप्रिलच्या वीस तारखेला सांगणार. चाळीस वर्षांत तो मला कधी नाही म्हणालेला नाही, पण काळजी फार करतो. उशिरा सांगितलं की काळजीला दिवस कमी मिळतात."

वीस तारखेनंतरच्या गुरुवारी मी आधी तेच विचारलं. सिग्ने म्हणाली, "सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणून तू हिवाळाभर मला रोज जिना चढायला लावलास होय!' आणि टायर आणायला गेला."

दोघं आली ती मेमधल्या शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास. आदल्या दिवशी पाऊस पडला होता, त्यामुळं चुनखडीच्या चिखलानं दोघंही गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती. नेल्स उंच, वाकलेला, शांत माणूस. सिग्ने बुटकी, खांद्यानं रुंद, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सायकल टेकवायच्या आधीच ती मोठ्यानं म्हणाली, "आर्डिस, दार डावीकडे आहे ना? अकरा पावलं मोजतेय!" आणि मोजत, हात पुढं न करता, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आम्ही मिठी मारली. तिच्या चिखलानं माझा ॲप्रन भरला.

दीडशे मैल ती दोघं न पडता आली होती. नेल्स सामानाच्या दोन पिशव्या घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढला, तिसऱ्या पायरीची फळी उलटली, आणि तो पिशव्यांसकट खाली आला. फार जोरात नाही. पण हात टेकला आणि मनगटातून कट्कन आवाज झाला. तो सिग्नेलाच आधी ऐकू आला.

"मोडलं," ती म्हणाली.

ती पायरी मी ऑक्टोबरपासून व्हर्जिलला दुरुस्त करायला सांगत होते. व्हर्जिल नेमका तिथंच होता. पांढराफटक पडला. त्यानं नेल्सला आपल्या गाडीत बसवलं आणि नदीपलीकडच्या इस्पितळात नेलं. मी सिग्नेला आत बसवून कॉफी दिली.

"सिग्ने, मला फार वाईट वाटतंय."

"तू मला सत्तावीस पूल सांगितलेस," ती कॉफी फुंकत म्हणाली. "कुत्र्यांची नावं सांगितलीस. या पायरीबद्दल एक अक्षर नाही."

"तू विचारलं नाहीस."

ती हसायला लागली. मग थांबली, कप खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. तिथून सायकलींच्या चाकांची करकर येत होती.

नेल्स संध्याकाळी परत आला, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आम्ही चौघं जेवायला बसलो. मी मटाराचं सूप आणि सॉसेज केलं होतं. नेल्सला डाव्या हातानं चमचा जमत नव्हता, पण सिग्नेला कळू नये म्हणून तो अगदी हळू, आवाज न करता खात होता.

"सिग्ने," शेवटी तो म्हणाला, "ब्रिटाला फोन करू. ती येऊन आपल्याला घरी नेईल." ब्रिटा म्हणजे त्यांची मुलगी, कॅन्सस सिटीत राहायची.

"हो," सिग्ने म्हणाली.

ते 'हो' ऐकून नेल्सनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग जांभळी सायकल दारातून दिसत होती, तिच्याकडे बघितलं. "किंवा," तो म्हणाला, "आर्डिस पुढं बसेल."

"कोण? मी?" मी म्हणाले. "छे, छे! मला नाही जमायचं. आणि दुकान?"

"दुकान मी बघतो," व्हर्जिल म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. तो सूपमध्ये बघत होता. "पायरी माझी होती," तो म्हणाला. "दोन दिवस दुकान बघायला काय लागतं? केक कापायचा, द्यायचा."

सिग्नेनं माझी मनधरणी केली नाही. तिनं तिच्या पद्धतीनं विचारलं, "एका दिवसात जास्तीत जास्त किती मैल गेलीस?"

"तीस. जाऊन येऊन."

"आपल्याला रोज छत्तीस आहेत. दोन दिवस. गुडघे?"

"उजवा कुरकुरतो."

"माझा डावा. सायकलला धड गुडघ्यांची एकच जोडी लागते," ती म्हणाली. "बेतात एक दिवस मोकळा ठेवलाय. उद्याचा. उद्या शिकू."

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही चर्चच्याच मोकळ्या अंगणात शिकलो, म्हणजे गावातली सगळी माणसं बघायला आयती हजर. पास्टर खुर्ची घेऊन बसले. दोघांच्या सायकलीवर पुढच्या माणसाला मागचं वजन कळत नाही, आणि वळताना ती म्हशीसारखी आपल्याच मनानं जाते. पहिल्यांदा आम्ही चार हात गेलो आणि गवतात आडव्या झालो.

"खड्डा होता?" सिग्नेनं पडल्या पडल्या विचारलं.

"नाही. मीच."

"मग तसं सांग ना. 'मी पाडतेय' म्हण, म्हणजे मी तयार राहीन."

नेल्स कडेला उभा राहून शिकवत होता. "हॅंडल आवळू नको, आर्डिस. ती जाते आपोआप. मागं इंजिन आहे." दुपारपर्यंत आम्ही अंगणाला बारा फेऱ्या मारल्या. तेराव्या फेरीला पास्टरनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या खुर्चीवर सायकल घातली. खुर्ची मोडली, पास्टर वाचले.

सोमवारी सकाळी सात वाजता निघालो. दोन मैल गेलो असू. डावीकडे दाट, काटेरी, दोन पुरुष उंच झाडांची रांग लागली. तिच्या फटींतून मला एक हिरवं छप्पर दिसलं. मी पायडल मारायचं विसरले.

"काय झालं?" सिग्ने म्हणाली. "पाय थांबले तुझे."

"आमचं शेत आहे. आमचं घर." उत्तरं गोळा करायच्या दिवसांत मी इथून कितीदा गेले होते, पण दर वेळी मान नदीकडे वळवून, वेगानं. आज दोघांची सायकल सरळ ठेवायची म्हणून समोर आणि डावीकडे बघणं भाग होतं. घर वाटेवरून कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी केवढीशी! कपडे वाळत घालायची दोरी अजून तिथंच, जुन्या खांबांना.

"आणि हे काय घासतंय पानांसारखं?"

"कुंपण. बाबांनी लावलं, वाट झाली त्या वर्षी. एकट्यानं, कुदळीनं, दीड मैल. सायकलवाले डोळ्यांपुढं नकोत म्हणून."

सिग्ने म्हणाली, "माझ्यासाठी तरी उगाच कष्ट घेतले त्यांनी."

मला हसू आलं, आणि असं आलं की थांबेना. सायकल डगमगायला लागली. "मी पाडतेय!" मी ओरडले. आम्ही वेळेवर पाय टेकले आणि बाबांच्या कुंपणापाशी उभ्या राहून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसता हसता माझं हसणं कधी दुसरंच काही झालं, ते मला कळलं नाही. सिग्नेला कळलं असावं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अजून चौतीस आहेत." आम्ही निघालो.

पहिल्या दिवशी मी तिला सगळं रंगवून सांगायला गेले. "नदी अशी चमकतेय, जणू चांदीचा..."

"चांदी राहू दे. नदी किती लांब आहे? उजवीकडे काय आहे?"

"दोनशे हातांवर. मधे मक्याचं शेत. मका घोट्याएवढा."

"हां. आता दिसलं."

मग मी तसंच सांगत गेले. डावीकडे कडा, तीन मजली, वरून पाणी झिरपतंय. समोर कासव, मधोमध, थांबतेय. कासव उचलून गवतात ठेवलं. काळा साप, ऊन खात, आडवा. त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबलो, कारण साप उचलायचं काम मी करणार नव्हते आणि सिग्ने म्हणाली तेही तिच्याकडे येत नाही. सोमवार असल्यानं वाटेवरची एकूण एक खाणावळ बंद होती. दुसरे दोन सायकलवाले एका बंद दारासमोर केविलवाणे बसले होते. सिग्नेनं पिशवीतून उकडलेली अंडी, राय धान्याची कडक पोळी आणि चीज काढलं, आणि त्यांनाही वाटलं. "फोन करायचा आधी," तिनं त्यांना बजावलं. "लोक सांगतात."

मंगळवारी वारा समोरून आला. सेंट चार्ल्स वीस मैलांवर राहिलं तेव्हा माझा उजवा गुडघा संपावर गेला. वळणावर मी आधी सांगायचं विसरत होते, आणि सिग्ने दर वेळी "वळण!" म्हणून मागून डाफरत होती, वळून झाल्यावर. एका ठिकाणी मी चिडून म्हणाले, "तुला एवढं कळतं तर तूच बस पुढं!"

"बसले असते," ती म्हणाली. "तुझ्याहून बरी चालवली असती."

मैलभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मग तिनं मागून एक साखरेची गोळी पुढं केली. मी ती तोंडात टाकली आणि म्हणाले, "पुढं उजवं वळण, हळू."

"आभारी आहे," सिग्ने म्हणाली.

चार वाजता नदीकाठच्या बागेत पोचलो. व्हर्जिल आणि नेल्स आमच्या गाडीनं येऊन थांबले होते. ब्रिटाही आली होती. सोमवारी आम्ही निघून गेल्यावर नेल्सनं गुपचूप तिला फोन केला होता. लिंडक्विस्टांनी आपली गाडी सुरुवातीलाच सेंट चार्ल्सला आणून ठेवली होती, ती चालवायला कुणीतरी हवं होतंच. मला सायकलीवरून उतरता येईना. पाय वर उचलेना. व्हर्जिलनं मला काखेत धरून धान्याच्या पोत्यासारखं उचललं आणि गवतावर ठेवलं.

ब्रिटा आईवर भडकली होती. "आई, बाबांचा हात मोडला तेव्हाच का नाही कळवलंस?"

"शनिवारी रात्री झोप लागली तुला?"

"लागली."

"मग," सिग्ने म्हणाली. नेल्सकडे वळून तिनं त्याचं प्लास्टर चाचपलं. बोटांनी त्यावरचं काहीतरी शोधलं. "हे काय खरखरीत आहे?"

"व्हर्जिलनं सही केली," नेल्स म्हणाला. "बॉलपेननं. फार दाबून लिहितो."

आम्ही पाच जणांनी नदीकडेच्या एका ठिकाणी तळलेला कॅटफिश आणि कोबीची कोशिंबीर खाल्ली. व्हर्जिलनं दोन दिवसांत काय काय झालं ते सांगितलं. केकचे तुकडे त्यानं एवढे मोठे कापले होते की सोमवारी अकराला केक संपला. मग येणाऱ्याला तो नुसते अक्रोड आणि हातोडी देत होता. नेल्स काउंटरवर बसून पंक्चर कसं काढायचं ते एका हातानं दाखवत होता. एका बाईनं निघताना व्हर्जिलला विचारलं होतं, पुढं पूर्वेला वाट कशी आहे?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"माहीत नाही म्हणालो." त्यानं मासा मोडला. "खरंच माहीत नाही ना."

निघताना सिग्ने गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "बरी चालवतेस. हॅंडल अजून आवळतेस."

"तू अजून डाफरतेस."

"ते राहणार," ती म्हणाली, आणि ब्रिटाला सांगायला लागली की बाहेर पडताना पहिलं वळण डावीकडे आहे. तसं ते होतंही.

व्हर्जिल आणि मी डोंगरावरच्या रस्त्यानं घरी निघालो. तो मला काहीतरी विचारत होता, वाटेच्या बाजूनं आपला गहू कसा दिसतो, पिवळा पडलाय का कुठं. मी त्याला सांगणार होते की खालच्या कोपऱ्यात पाणी साचलंय, चाळीस हात लांब, वीस रुंद. पण 'खालच्या कोपऱ्यात' एवढं म्हणतानाच मला झोप लागली, आणि घर आलं तेव्हा त्यानं मला उठवलं नाही. गाडीचं इंजिन बंद करून, दार उघडं ठेवून तो शेताच्या खालच्या कोपऱ्याकडे बघायला गेला.